हाकेचे नाव

तांबडी, तप्त, ताम्रवर्णी ती दरी. तिन्ही बाजूंना लाल कड्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला निर्वृक्ष, निःशब्द वाळवंट. वसंतातली पहाट कड्यांच्या माथ्यावर आधी गुलाबी होई, मग केशरी, मग कुंकवासारखी लाल. आणि खाली एलीम वस्तीच्या छपरांवर पोचेपर्यंत तिचे साधे पिवळे ऊन झालेले असे.

अमेरिकेच्या पश्चिमेला, युटाच्या दक्षिण टोकाशी, मॉर्मन पंथाच्या माणसांनी हे गाव वसवले होते. त्यांनी खडक फोडून पाट आणला, पाटाच्या काठाने तुती लावली, आणि देवाची आज्ञा म्हणून एकेका पुरुषाने अनेक बायका केल्या. देवाने बायकांना काय विचारले होते, ते कुठे लिहिलेले नाही.

आल्फियस गुडहॉलचे घर लांबट, ठेंगणे, मातीच्या विटांचे. घर एक आणि उंबरे तीन. तीन दारे, तीन चुली, तीन धुराडी. दर सोमवारी आल्फियस एक दार ओढून घेई आणि पुढचे उघडी. एक आठवडा थर्झाचा, एक लविनाचा, एक मारेनचा. चंद्रसुद्धा एखादे दिवशी ढगाआड राहतो. आल्फियसचा नेम कधी चुकला नाही.

आपल्याकडे म्हणतात, सवत मातीचीही सोसवत नाही. त्या दरीत सवत हा शब्दच नव्हता. तिथे सगळ्या एकमेकींच्या ‘सिस्टर’. शब्द नसला की दुखणेही नसते, असे तिथल्या वडीलधाऱ्यांना अगदी मनापासून वाटे. ज्याचे जळते त्याला कळते. पण कळलेले बोलायची त्या गावात पद्धत नव्हती.

थर्झा पहिली. लग्नाच्या दिवशी, पवित्र घरात, शुभ्र वस्त्रांच्या शुभ्र शांततेत, तिच्या कानात एक नाव सांगितले गेले. थर्झा हे जगाने ठेवलेले नाव. हे दुसरे, देवाने दिलेले. ते आईला सांगायचे नाही, मैत्रिणीला सांगायचे नाही, स्वप्नातही उच्चारायचे नाही. फक्त एकदा, पडद्याआडून, नवऱ्याला सांगायचे. शेवटच्या दिवशी कर्णे वाजतील, कबरी उघडतील, आणि नवरा बायकोच्या उशाशी उभा राहून त्या नावाने तिला हाक मारील. हाक आली की ती उठेल. हाक आली नाही तर ती मातीतच राहील, अंधारात, बाकीच्यांची पावले ऐकत.

थर्झाचा यावर विश्वास होता, पुरता, निखळ, लहान मुलाचा असतो तसा. ते नाव कोणते, हे मी सांगणार नाही. तिने ते जन्मभर जपले. माझ्या तोंडून ते फुटायचे नाही.

पंथाची आणखी एक रीत होती. नवी वधू आणायची, तर तिचा हात पहिल्या बायकोने आपल्या हाताने नवऱ्याच्या उजव्या हातात द्यायचा. थर्झाने तो दोनदा दिला. लविनाचा हात घामेजलेला होता. मारेनचा थंडगार. समुद्रापलीकडून, डेन्मार्कहून आलेल्या त्या पोरीला भाषा अर्धीच कळत होती. दोन्ही वेळा थर्झा मनात ते नाव घोळवत उभी राहिली. शेज वाटली गेली, आठवडे वाटले गेले, म्हातारपणही वाटले जाईल. पण नाव माझे एकटीचे आहे, असे ती स्वतःला बजावत राहिली. तेवढ्या एका नावावर तिने संसार रेटला.

रिकाम्या आठवड्यांत ती आधी रडली. खोटे कशाला बोला, पुष्कळ रडली. भिंतीपलीकडचे हसू ऐकून रडली, आणि भिंतीपलीकडचे रडू ऐकून तिला बरे वाटले, म्हणून पुन्हा रडली.

मग चर्चमधल्या बायकांनी रेशमाचे वेड आणले. रेशीमकिड्यांची खसखशीएवढी अंडी, करडी, निर्जीव दिसणारी. ऊब मिळावी म्हणून थर्झाने ती पुरचुंडीत बांधून छातीशी धरली. कूस न उजवलेल्या त्या बाईने उरावर ऊब साठवली, आणि एका सकाळी पुरचुंडीत हालचाल झाली. तिने आपली निजायची खोली त्या अळ्यांना दिली आणि स्वतःचे अंथरूण चुलीपाशी आणले. हिरवी पाने, पांढरे जीव, आणि दिवसरात्र चाललेली ती मंद, मऊ, अखंड कुरतड. त्या आवाजात भिंतीपलीकडचे काही ऐकू येत नसे.

“निजायच्या खोलीत किडे?” आल्फियसने नाक मुरडले.

“तुमच्या आठवड्यापुरती तबकं बाहेर काढते,” ती म्हणाली.

पहिल्या वर्षी तिने ती काढली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, “आत्ता हलवता यायची नाहीत, अळ्या कात टाकतायत.” तिसऱ्या वर्षी तिने काही सांगितलेच नाही, आणि आल्फियसने आपली उशी मुकाट्याने चुलीपाशी आणली.

उकळत्या पाण्यात कोष सोडायचे. काडीने हलके घोळवायचे. टोक सापडेपर्यंत धीर धरायचा, आणि सापडले की मग सुटू द्यायचे नाही. सोनसळी, सूक्ष्म, सळसळता तो धागा चाकावर चढू लागला, तशी दूरदूरच्या वस्त्यांतून बायका शिकायला येऊ लागल्या. ‘गुडहॉलची पहिली कुठे राहते?’ असे विचारत आलेल्या बायका जाताना ‘येते हं थर्झा’ म्हणून जात. तिने आपल्या दाराला आतून कडी बसवली. स्वतः बसवली, अंगठ्यावर हातोडी मारून घेऊन. आणि एका सोमवारी अंगणात त्याची पावले वाजली, तेव्हा तिच्या लक्षात आले की आपण वाट पाहत नव्हतो. तिला धक्काच बसला. थोडी लाजही वाटली.

तरी नाव होते. बाकी सारे गळून पडले तरी ते नाव तिच्या जिभेखाली होते, आणि त्याच्याकडे होते. त्या एका धाग्याने ती अजून त्याची होती.

त्या वसंतात, तुतीला नवी पालवी फुटली असताना, आल्फियस तिच्या दारी आला. दाढी विंचरलेली, कोट झटकलेला. थर्झा समजायचे ते समजली.

“वरच्या वस्तीतली जेरुशा,” तो म्हणाला. “धार्मिक मुलगी आहे. देवाची इच्छा दिसते. हात तूच द्यायचा आहेस. आणि तिला खोली लागेल, तेव्हा तुझे किडे आता पुरे झाले.”

“विचार करते,” थर्झा म्हणाली.

विचार! या घरात हा शब्द बाईच्या तोंडून कधी निघालाच नव्हता. आल्फियस गडबडला. मग मवाळ झाला. जुना, जवान, जादूगार आल्फियस क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर उगवला. त्याने तिचा चेहरा ओंजळीत धरला, ओठ तिच्या कानाशी नेले.

“कटूरा,” तो कुजबुजला, “माझी कटूरा. त्या सकाळी सगळ्यांत आधी तुलाच हाक मारीन.”

थर्झा कटूरा नव्हती.

ऊन तसेच राहिले, तुती तशीच राहिली, आतली कुरतड तशीच चालू राहिली. तिच्या पायाखालची जमीन तेवढी गेली. इतकी वर्षे ज्या गाठोड्यावर डोके टेकून ती निजली, ते आज सोडले, तर आत काही नव्हते. तिला आधी राग आला नाही. आधी भीती वाटली, काळीकुट्ट, कबरीतली. राग मागाहून आला, आणि तो राहिला.

दुसऱ्या दिवशी पाटाच्या काठी मारेन धुणे धूत होती. साबणाने हात लाल झालेले, पाठ वाकलेली. थर्झा तिच्या मागे उभी राहिली आणि हलकेच म्हणाली, “कटूरा.”

मारेन वळली.

वळली आणि पांढरीफटक पडली. “हे नाव... सिस्टर, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. माझ्या कानात, माझं म्हणून.”

मारेनच्या हातातले कापड पाण्यात सुटून गेले. “मग माझं नाव तुम्हाला गेलं? आता मला कोण उठवील?”

दोघींपैकी जिचे ते नाव निघेल तिच्यावर रागवावे म्हणून थर्झा आली होती. ती पाण्यात उतरली, कापड धरून आणले, पिळून मारेनच्या हातात दिले.

“रडू नकोस गं. तुझं तुझ्याकडंच आहे. माझंच त्यांनी कुठंतरी सांडलंय.”

संध्याकाळी आल्फियस उत्तर घ्यायला आला. थर्झा दारातच उभी होती, कडीवर हात ठेवून.

“हात द्यायला कटूराला बोलवा,” ती म्हणाली. “मी ती नव्हे.”

त्याचा चेहरा उतरला. सत्य कळायला त्याला वेळ लागला, आणि कळल्यावर तो पुरुषाला शोभेल तसाच संतापला. “पहिलीनं नकार दिला, तर तिच्यावाचून लग्न लागतं. तसा नियम आहे.”

“तर मग लावा.”

लग्न लागले. जेरुशाचा हात कुणी दिला, की तिनेच पुढे केला, हे थर्झाने विचारले नाही. गावाने तिच्याशी बोलणे टाकले. लविना तिला पाहून दार लावी. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राही. स्वातंत्र्य मधुर असते म्हणणाऱ्यांनी ते असे, रोजच्या जेवणात, एकट्याने चाखून पाहावे. कडू होते ते, कडूजहर. पण पान तिचे होते, आणि उष्टे नव्हते.

तिचा आठवडा आला. सोमवारची सकाळ, कड्यांवर केशरी उतरत असलेली. आल्फियस दारी आला, टोपी हातात, डोळे जागरणाने लाल. ज्याला आपल्या पहिल्या बायकोला हाक मारता येत नाही, त्याच्या डोक्यावर स्वर्गात मुकुट कसला चढायचा? ही चिंता त्याला खात होती. सगळी चिंता स्वतःचीच होती, असेही नाही. थोडी तिची असावी.

“थर्झा,” तो म्हणाला, “एकदा सांग. पुन्हा नाही विसरणार.”

“एकदाच सांगायचं असतं. मी सांगितलं होतं.”

“अगं, मग त्या दिवशी तू उठशील कशी?”

थर्झाने करंडी काखेला लावली. आत भुकेल्या अळ्यांनी माना उंचावल्या होत्या. पाने आणायला उशीर होत होता.

“मी उठलेय,” ती म्हणाली, आणि त्याच्या बाजूने वाट काढून बाहेर पडली.

ती तुतींच्या रांगेतून चालू लागली. मागून त्याचा आवाज आला, आधी दबका, मग मोठा, मग फाटका. “सारा!” तो ओरडला. “रिबका! राहेल!” लाल कडे ती नावे झेलत होते, परत टाकत होते. “हन्ना! नामी! लेआ! अबीगईल!” पवित्र ग्रंथातल्या साऱ्या बायका त्याने त्या सकाळी एकामागून एक उठवल्या, अंगणात उभा राहून, टोपी चुरगळत, रडत.

त्यांतले एक नाव तिचे होते.

ती वळली नाही. फांदी वाकवली, पान खुडले. फांदी वाकवली, पान खुडले.