लाल खड्यावरचा तारा

"दागिन्यांवर जरा चमक टाका हो," बाहेर काउंटरवरून आवाज आला आणि माउसवरचा माझा हात थांबला. "बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. एवढं घातलंय ते काय कपाटात ठेवायला?"

हा आवाज मी झोपेतही ओळखला असता. ही बाई गेल्या वर्षी माझी सासू होता होता राहिली. तिच्या चिरंजीवांशी माझं लग्न ठरलं होतं, त्यांनी माझ्या बोटात अंगठीही घातली होती. मग त्यांना आमच्यापेक्षा बरं घर मिळालं आणि ठरलेलं मोडलं. त्याचं मला काही नाही. चिरंजीवांना तहान लागलीय की नाही हेसुद्धा आईला विचारून कळायचं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी त्या दिवशी पोटभर जेवले. माझा राग आहे तो अंगठीचा.

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. मी या वर्षीपासून ज्या फोटो स्टुडिओत मागच्या खोलीत बसून फोटो सुधारते, तिथून दोन दुकानं सोडून त्यांचं दुकान आहे. लग्न मोडल्यावर बाबांनी ती अंगठी कापसात गुंडाळली, घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या डबीत घातली आणि स्वतः नेऊन त्या बाईच्या हातात दिली. मी म्हटलं होतं, बाबा, दोन ओळी लिहून घ्या. "नातं तुटताना पावती मागायची? बरं दिसत नाही ते," असं म्हणून ते गेले.

थोड्याच दिवसांत गावभर झालं, की अंगठी आम्ही परत केलीच नाही, गिळली. लग्न का मोडलं हे लोकांना सांगायला त्या घराला काहीतरी कारण हवं होतं, ते असं मिळालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. आता घड्याळजीचा धंदा कशावर चालतो? लोक आजोबांची आठवण, आईची शेवटची वस्तू काउंटरवर ठेवून निघून जातात, त्या भरवशावर. तोच गेला. सगळ्यात आधी चिरंजीवांची मामी आली. तिचं घड्याळ बाबांनी उघडून ठेवलं होतं. "असू दे, उघडं तर उघडं, तसंच द्या," म्हणाली. बाबांनी चाकं, काटे, स्क्रू एका पाकिटात घालून दिले आणि पाकिटावर तिचं नाव लिहिलं. आता त्यांच्याकडे लोक येतात ते सेल बदलायला, आणि तेवढा वेळही त्यांच्या हातावर नजर ठेवून उभे राहतात. पूर्वी काम करताना बाबा शीळ घालायचे, ते आता बंद झालंय.

त्या पाकिटाच्या दिवशी मी ठरवलं, या बाईला सोडायचं नाही. कसं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

बाई गेल्यावर मालक आत आले. "लग्नाचं काम आहे. अल्बम नंतर, पण आधी स्वागत समारंभाला मोठ्या पडद्यावर फोटो दाखवायचेत. त्यांना चमक हवीय, तारे हवेत. टाक काय टाकायचं ते." मालक भला माणूस, पण गल्लीतल्या भानगडी त्यांच्या कानावरून वाऱ्यासारख्या जातात. हे लोक कोण, ते मी त्यांना सांगितलं नाही.

मी फोटो उघडले. नवरी छान होती, चेहऱ्यावरून शांत वाटली. चिरंजीव नेहमीसारखे आईकडे बघत होते. आणि एका फोटोत नवरीचा हात चिरंजीवांच्या खांद्यावर होता. फोटोग्राफरने तो जवळून घेतला होता, कारण बाईंनीच सांगितलं होतं की हाताचे भरपूर काढा. मी झूम केलं.

फुलाच्या आकाराची अंगठी. कडेने पांढरे खडे, आणि एका पाकळीत पांढऱ्याच्या जागी लाल.

जगात अशी अंगठी एकच आहे, कारण तो लाल खडा माझ्या बाबांनी बसवलाय. अंगठी माझ्या बोटात असताना एक खडा पडला होता. मी घाबरले. बाबा म्हणाले, थांब, आणि एका जुन्या बंद घड्याळाच्या पोटातून माणकाचा बारीकसा मणी काढून त्यांनी तिथे बसवला. घड्याळात चाकांचे आस झिजू नयेत म्हणून असे खडे असतात. माझ्या न झालेल्या सासूने ते बघितलं तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर माझा हात धरून फिरवला होता. "हे बघा, घड्याळजीचं ठिगळ," म्हणाली होती. मामी तर डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली होती.

म्हणजे अंगठी गिळली म्हणून बाबांना चोर ठरवलं, आणि तीच अंगठी नव्या सुनेला घातली. ठिगळ बदलायचीही तोशीस घेतली नाही. मला आधी संताप आला, मग हसू आलं, आणि मग मी उठून पाणी पिऊन आले. अशा कामाला हात स्थिर लागतो.

चमकता तारा कसा काढतात हे बाहेरच्यांना वाटतं तितकं सोपं नाही. नवशिके लोक आयता तारा उचलतात आणि चिकटवतात. तो फळावरच्या स्टिकरसारखा दिसतो. मी फोटोच्या वर एक कोरा लेयर, म्हणजे थर घेते आणि तो काळा भरते. त्यावर मऊ ब्रशने पांढरा एक ठिपका. तो ठिपका वरून खाली दाबत जायचा, सुईएवढा बारीक होईपर्यंत. त्याची एक प्रत काढून उभी करायची, ती आडवीपेक्षा थोडी लांब, कारण उजेडाचे हात सारखे असले की तारा खोटा वाटतो. मग दोन आखूड सुया तिरप्या. मध्ये एक गोल, धूसर उजेड, आणि त्याच्या कडेला खालच्या वस्तूचाच रंग हलकासा. शेवटी तो लेयर 'स्क्रीन' नावाच्या मोडवर टाकला की काळं सगळं निघून जातं आणि उजेड तेवढा राहतो.

पण खरी गोष्ट जागेची आहे. जिथे आधीच थोडा प्रकाश पडलाय तिथेच तारा बसतो. आणि एका फोटोत एकच. दोन काढले की माणूस दोन्हीकडे बघतो, म्हणजे कुठेच बघत नाही. एकच असला की नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही, मग तिथे हार असो, झुमके असोत की नवरीचं तोंड असो.

हात दिसत होता त्या प्रत्येक फोटोत मी लाल खड्यावर तारा काढला. कडेचा लालसर रंग त्या खड्यातूनच उचलला. आजूबाजूचे पांढरे खडे अगदी नकळत थोडे मंद केले. लाल खड्याला मात्र मी बोटही लावलं नाही. उजळवला नाही, मोठा केला नाही, जसा होता तसा ठेवला. माझ्या कामात खोट काढणाऱ्याला हे कळेल, की या फोटोंत एवढी एकच गोष्ट शंभर टक्के खरी होती.

मालकांनी बघितलं. "हारावर नाही टाकलास?"

"हारावर उजेडच पडलेला नाही. चिकटवल्यासारखा दिसेल."

"हं," म्हणाले. "अंगठी मस्त आलीय." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

समारंभाच्या संध्याकाळी लॅपटॉप जोडायला कोण जाणार असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी हात वर केला. हॉलमध्ये मी मागच्या कोपऱ्यात वायरींच्या गुंत्याजवळ खुर्ची टाकून बसले. दिवे मंद झाले, पडदा उजळला. पहिल्या फोटोला लोक 'वा' म्हणाले. दुसऱ्याला पुन्हा. चौथ्या-पाचव्या फोटोपर्यंत सगळ्या हॉलला सवय लागली, फोटो बदलला की आधी नवरीचा हात शोधायचा.

माझी न झालेली सासू पहिल्या रांगेत होती. तिला वाटलं, आपल्या दागिन्यांचं कौतुक चाललंय. ती उभी राहिली, मागे वळली आणि म्हणाली, "अंगठी बघितलीत ना? मुद्दाम माणिक बसवून घेतलंय सुनेसाठी. शोधून शोधून आणलं."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तेवढ्यात नवरीच्या हाताचा जवळून घेतलेला फोटो आला. खडा पडद्यावर माणसाच्या डोक्याएवढा दिसत होता आणि त्याच्यावर माझा तारा.

"अगं," मामी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. तिला जे दिसतं ते ती बोलते, एवढंच. "हे तर ते घड्याळजीचं ठिगळ. तूच नाही का दाखवलं होतंस?"

"काहीतरीच काय वहिनी. सारख्या दिसतात अंगठ्या."

"लाल खडा असाच एका पाकळीत? छे, तीच आहे ही." मामी क्षणभर थांबली. तिच्या डोक्यात हिशोब चालला होता. "पण ती तर त्यांनी परतच केली नव्हती ना?"

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. हॉलमधल्या माना पडद्यावरून बाईंकडे वळल्या. फोटो थांबवणं माझ्या हातात होतं. मी हात मांडीवर ठेवून बसले. पुढचा फोटो आला, तारा. त्याच्या पुढचा आला, तारा. चिरंजीव आईकडे बघत होते, आणि आई पहिल्यांदाच त्यांना काही सांगत नव्हती. नवरीने दुसऱ्या हाताने अंगठी झाकून घेतली. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी मी सगळे फोटो शेवटपर्यंत चालवले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या बाई हजर. मागे सूनही होती. "कोणी केलंय हे काम? बोलवा त्याला बाहेर."

मी बाहेर आले. मला बघून तिचा चेहरा असा काही पडला की ते बघायला मी पुन्हा वर्षभर थांबले असते.

"तू."

"मीच, काकू. काय बदलायचंय?"

मालक माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होते. फोटो धुऊन न्यायला आलेले दोघं-तिघं बाकावर बसले होते. तिने त्यांना बघितलं आणि आवाज खाली आणला. "तो तारा काढून टाक. सगळ्या फोटोंतून. अल्बममध्ये नकोय मला."

"काढते की." मी काउंटरवरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला आणि लेयर बंद केला. एका क्लिकचं काम. तारा गेला. खाली अंगठी तशीच राहिली, आणि मघाशी उजेडात जो खडा थोडा धूसर होता तो आता लख्ख लाल दिसायला लागला.

तिने स्क्रीनवर बोट टेकवलं. "हा खडाही काढ."

"फोटोतला काढेन हो. बोटातल्याचं काय करायचं?" मी म्हटलं. "खऱ्या खड्याचं काम इथे होत नाही. ज्यांनी बसवलाय ते दोन दुकानं सोडून बसतात. तेच काढून देतील."

"चल गं," बाई सुनेला म्हणाली.

सून निघाली, पण सासू वळली त्या बाजूला नाही. ती पायऱ्या उतरली आणि सरळ बाबांच्या दुकानाकडे गेली. बाई तिच्या मागे, मी बाईच्या मागे, आणि बाकावरची माणसं माझ्या मागे.

बाबा सेल बदलत होते. गिऱ्हाईक त्यांच्या हातावर नजर ठेवून उभं होतं. सुनेने अंगठी काढून काचेवर ठेवली. "हा लाल खडा तुम्ही बसवलाय का?"

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. फार वेळ बघितलं. भिंग काढलं तेव्हा त्यांचा डोळा ओला होता, पण आवाज नेहमीचा होता. त्यांनी बाईंकडे बघितलंही नाही. "हो, माझंच काम. जरा सैल झालाय, बाळा. पडेल कुठेतरी. ठेवून जातेस का? संध्याकाळी घट्ट करून देतो."

"ठेवून जाते," ती म्हणाली.

सेलवाल्या गिऱ्हाइकाने नजर वर केली. दारात मामीही येऊन ठेपली होती, हातात बाबांनी नाव लिहिलेलं तेच जुनं पाकीट घेऊन. बाबांनी अंगठी कापसात ठेवली, डबी बंद केली.

मी काउंटरच्या आत शिरले, पावतीपुस्तक ओढलं, एक पावती लिहिली आणि टर्रकन फाडून माझ्या न झालेल्या सासूसमोर धरली.

"राहू दे गं," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. घ्या काकू, पावती घ्या. नंतर कोण काय म्हणेल, सांगता येत नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने हात पुढे केला आणि पावती घेतली.