विरुद्ध बाजूची चिठ्ठी

एकोणीसशे नव्व्याण्णवचा जुलै उजाडला तरी फौजेतल्या समाधानचं पत्र नव्हतं. कारगिलकडं निघताना त्यानं धाडलेल्या चार ओळींना सव्वीस दिवस झाले होते. निमगाव केतकीत त्याची आई रंगुबाई पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून दारात उभी राही आणि धाकटी बहीण रश्मी घरात येरझाऱ्या घाली. दोघींचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात रश्मीनं बारामतीच्या वादविवाद स्पर्धेत नाव देऊन ठेवलेलं. विषय होता, ‘आता वाटाघाटी नकोत, युद्धच हवे!’ बाजू चिठ्ठीनं ठरायची. तिला ‘विरुद्ध’ निघाली.

"काय बोलायचं त्ये बोल," निघताना रंगुबाईनं बजावलं, "पर माझ्या लेकराला भाषणात वढू नगंस."

स्पर्धेत रश्मीच्या आधी शंभूराज नावाचा पोरगा बोलला. गड्यानं माईकसमोर उभ्या उभ्या पाच मिनिटांत लाहोर घेतलं. त्याचं काय जात होतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला! टाळ्या मात्र थांबेनात.

मग रश्मी उठली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणं देशांनी भांडणं शांततेनं मिटवायची असतात, त्यासाठी वाटाघाटी आहेत, मध्यस्थी आहे, न्यायालय आहे, एवढं ती म्हणाली तोच मागून आवाज आला, "ए बाई, तुझ्या घरचं कोण हाय का तितं?"

तिला आईचं बोलणं आठवलं. पण सव्वीस दिवसांचा राग उसळून आला.

"हाय! माझा सख्खा भाऊ हाय."

मग शंभूराजच आधी उठला, त्याच्यामागं सगळे उठले. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी डोळे पुसत पहिला नंबर तिथल्या तिथं जाहीर केला आणि वीर जवानाची बहीण म्हणून तिच्या गळ्यात हार घातला. रश्मीला भयंकर लाज वाटली. आईचा शब्द मोडला होता, आणि तिचं स्वतःचं म्हणणं कुणी ऐकलंच नव्हतं.

तिनं हार काढून टेबलावर ठेवला.

"माझी दोन मिनिटं राहिलीत. टाळ्या नगंत मला, माझा भाऊ परत पायजे. त्यो महिनाभर दगडाआड पडून हाय, तुमी दोन मिनिटं खुर्चीवर बसा."

लोक चुळबुळत बसले. शंभूराज तेवढा ऐकायला उभाच राहिला.

"पासष्ट साली कच्छच्या रणात ह्याच दोन देशांची लढाई झाली," ती म्हणाली. "जमीन कुणाची, ते पुढं लवादानं ठरवलं, आन् दोघांनीबी मानलं. मग जी पोरं त्याच्या आदी मेली, ती कशापायी मेली?"