महामायेच्या लग्नाचे हार

माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये. पण लातूरच्या स्टँडपासून औसा रोडवरच्या मंगल कार्यालयापर्यंत मी नऊ मिनिटांत पळालोय. भर मे महिन्यात, दोन्ही हातांत हार धरून. नांदेडहून भाचीकडे, महामायेकडे आलो की तिची लेक बुद्धप्रिया हीच गोष्ट सांगायला लावते. परवाही लावली.

"आजोबा, आईच्या लग्नाची सांगा ना!"

सांगितली. माझी धाकटी बहीण पंचफुला, म्हणजे महामायेची आई. तिनं महिनाभर आधी बजावलं होतं, "दादा, नवरा-नवरीचे हार मामानंच आणायचे. आन् नांदेडच्या केरबाच्या हातचेच. लातूरचे मला नकोत." केरबा मोगरा असा गुंफायचा की दोरा शोधून सापडायचा नाही. लग्न बारा पस्तीसचं. पहाटेची गाडी धरली, हार ओल्या फडक्यात गुंडाळले, आणि चाकूरच्या अलीकडे टायर बसलं! लातुरात उतरलो तेव्हा बारा पंचवीस. लग्नाची दाट तिथी, ऑटो एक रिकामा नाही.

चपला काखेत मारल्या आणि सुटलो.

"तवाचं लातूर निराळं होतं, पोरी. आता नुसत्या काचा आन् पाट्या. तवा डाळमिलांची धूळ अशी उडायची, की घामावर बसून माझ्या अंगाला बेसनाचा थर आला. नुसतं कढईत सोडायचं बाकी होतं. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, मी असा गरकन फिरलो की पंधरा दिसलेच न्हाईत. पुढं क्लासची पोरं सुटलेली. मला पळताना बघून कुणीतरी ओरडलं, 'निकाल लागला रे!' झालं! तीनशे सायकली माझ्यामागं."

"गेल्या खेपेला दोनशे होत्या."

"गेल्या खेपेला मी मागं वळून नीट बघितलं नव्हतं."

पोरगी खिदळली. इथून पुढं मी जरा सावकाश सांगतो.

"कार्यालयाच्या दारात तुझी आज्जी उभी. पांढरं पातळ नेसलेली, कपाळाशी हात धरून रस्ता बघून राहिली होती. त्रिशरण सुरू व्हायला एक मिनिट. मी हार तिच्या हातात दिले. तिनं मोगऱ्यात नाक खुपसलं आन् म्हणाली, 'आलास बाबा.'"

पंचफुलाला जाऊन सहा वर्षं झाली. एवढं वाक्य झालं की मी घोटभर पाणी पितो.

महामाया पलीकडे तूरडाळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मामा, सायकली हजार करा, माझं काही म्हणणं न्हाई. पण हे खोटं हाय."

"काय खोटं?"

"टायर-बियर काही बसलं नव्हतं. लग्नं कुठं वेळेवर लागतात म्हणून तुम्ही अहमदपूरला उतरून भजी खात बसलात, आन् मागची गाडी धरली. तुम्हीच बाबांपुढं रडून सांगितलंत. लग्न लावायला आनंदराज गुरुजी, घड्याळाचे पक्के. तरी आईनं त्यांना दोनदा थांबवलं, 'माझा भाऊ येतोय' म्हणून. शेवटी तिनंच मांडवाच्या खांबांचा झेंडू सोडून आमच्या गळ्यात घातला. तुम्ही आलात तवा मी बुंदी खात होते, मामा. मोगरा पार काळा पडलेला. आईनं त्याचा वास कवा घेतला?"