दादासाठी वेगळा शेकर

माझी नणंद बार चालवते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या नवऱ्याकडे, जणू दोघांपैकी कुणीतरी आत्ता झोकांडी खाणार आहे. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. उंचीने ती दाराच्या चौकटीला लागते, पण भावंडांत धाकटी म्हणून बारकी. त्या नावावरून करायचे सगळे विनोद आमच्याकडे करून झालेत, तेव्हा तुम्ही नवीन करू नका.

मी गच्चीवर कुंड्या लावते. पुदिना, बेसिल, थाइम, रोझमेरी. नवऱ्याने दारू सोडली तेव्हा हे खूळ सुरू झालं, कारण दारू सोडलेल्या माणसाची संध्याकाळ फार लांब असते आणि ती कशाने तरी भरावी लागते. तो पाणी घालायचा, मी जास्त घातलं म्हणून ओरडायचे. असा आमचा वेळ बरा जायचा.

तो चष्म्याच्या काचा घासतो. हात थरथरला की काच वाया जाते, आणि पूर्वी त्याच्या फार काचा वाया जायच्या. शेवटी दुकानाच्या मालकाने सांगितलं, आता एकदा जरी पिऊन आलास तरी परत येऊ नकोस. मी त्याच रात्री त्याला सांगितलं, पुन्हा प्यायलास तर मी बॅग भरीन. मालकाचं माहीत नाही, पण मी बोलते ते करते हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. त्या दिवसापासून तो थेंबालाही शिवला नव्हता.

आणि बारकीच्या बारची पायरीही चढला नव्हता. याचं तिला फार लागलं होतं. ‘‘मी काय त्याला खांबाला बांधून पाजणार आहे का, वहिनी?’’ असं ती मला फोनवर विचारायची. ‘‘सगळं गाव माझ्याकडे येऊन बसतं. माझा सख्खा भाऊ समोरच्या फुटपाथवरून जातो, तोही मान फिरवून.’’ मी म्हणायचे, फिरवू दे मान, मान ताठ आहे हेच खूप. ती हसायची नाही.

या उन्हाळ्यात डांबर पायाला चिकटायला लागलं आणि तिच्या गिऱ्हाइकांना जड काही पिववेना. म्हणून तिने नवीन उन्हाळी कॉकटेल काढायचं ठरवलं, सगळी ताज्या पानांची. एका सकाळी ती आमच्या गच्चीवर आली आणि शेळीसारखी एकेका कुंडीतलं पान तोडून चावत सुटली. मग म्हणाली, ‘‘वहिनी, तू खजिन्यावर बसून कपडे वाळत घालतेस. ही पानं मला दे.’’

मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. मी ऊन चढायच्या आत पानं खुडायला लागले, ओल्या फडक्यात गुंडाळायला लागले. बारकीने मला तिच्या कामातल्या खुब्या शिकवल्या. बेसिल फ्रिजमध्ये ठेवलं की काळं पडतं, त्याला फुलांसारखं पाण्यात उभं करायचं. रोझमेरी जरा जपूनच, नाहीतर ग्लासात फिनेलचा वास. आणि पुदिना कधी कुटायचा नाही, कुटला की कडू होतो. पानं तळहातावर ठेवायची आणि वरून एकच टाळी द्यायची, की वास मोकळा होतो. इतके लाड माझे कुणी केले नाहीत, मी म्हटलं.

मग एक दिवस तिने मूळ मुद्दा काढला. ‘‘दादासाठी एक बिनदारूचं बनवलंय. एकदा आण त्याला. दुपारी, बार उघडायच्या आधी. मी, तू आणि तो, बाकी कुणी नाही.’’

मी सरळ नाही म्हटलं. तेव्हा तिने मला मागच्या खोलीत नेलं आणि एक फळी दाखवली. दादासाठी वेगळा शेकर. वेगळं माप, वेगळी गाळणी, वेगळे ग्लास, ग्लास घासायचा स्पंजसुद्धा वेगळा. सगळं कोरं, सगळ्याला हिरवी फीत बांधलेली, आणि बाकी कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद. मी त्यातली एकेक वस्तू नाकाशी धरून बघितली. बारकी हात मागे बांधून उभी राहिली, परीक्षेला बसल्यासारखी. मला तिची दया आली. मी हो म्हटलं.

तो यायला तयार होईना. मी म्हटलं, तुझी बहीण आहे, साप नाही. रविवारी दुपारी आम्ही गेलो. शटर अर्धं वर होतं, आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. तो काउंटरपाशी अगदी कडेच्या स्टुलावर बसला, दंतवैद्याकडे बसतात तसा. बारकीने काकडी चिरली, लिंबू पिळलं, बेसिल चुरगाळलं, पुदिन्यावर टाळी दिली. थाइम, पुदिना आणि लिंबाची साल घातलेला साखरेचा पाक ओतला, बर्फ टाकून शेकर खांद्याशी घेऊन हलवला आणि वरून सोडा. ग्लास हिरवागार दिसत होता.

त्याने एक घोट घेतला आणि थांबला. ग्लासात बघितलं, मग बारकीकडे, मग माझ्याकडे.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘छान आहे.’’

आणि त्याने तो ग्लास संपवला. बारकी काउंटरच्या बाहेर आली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. तळाशी उरलेलं मी चाखून बघितलं. आंबट, गार, थोडंसं औषधी, बस. मी जन्मात दारू तोंडाला लावलेली नाही. तिचा वास मला माहीत आहे तो माणसाच्या तोंडाला येतो तेवढाच.

त्यानंतर पानं पोचवायचं काम त्याने आपण होऊन घेतलं. दुकानातून दुपारी जेवायला सुटला की पिशवी घेऊन बारकीकडे जायचा, एक हिरवा ग्लास प्यायचा आणि परत कामावर. बारकीचे फोन आनंदाने ओसंडायचे. दादा आज हसला, दादाने आज पाक जरा जास्त घाल म्हणून सांगितलं, दादाला गोड लागतं अजून, लहानपणासारखं. मीही खूश होते. नवरा दाढी करत होता, जिन्यात शीळ घालत होता. मी पुदिन्याच्या दोन कुंड्या वाढवल्या.

फक्त बार बंद असतो त्या सोमवारी तो पडदा सरकेना म्हणून भांडला. पडदा नेहमीच अडकतो. त्याने तो ओढून दांडीसकट खाली पाडला आणि मग पलंगाच्या कडेला बसून हात मांड्यांखाली दाबून धरले. ती चिडचिड माझ्या ओळखीची होती. मी तिचं बिल उन्हाच्या नावावर फाडलं. सगळेच चिडलेत या उन्हात, असं मी स्वतःला सांगितलं आणि दांडी परत लावली.

पुढच्या आठवड्यात तो पानांची पिशवी घेऊन गेला आणि रोझमेरी ओट्यावरच विसरला. मी ती घेऊन त्याच्या आधीच पोचेन म्हणून निघाले, कारण तो आधी दुकानात जाणार होता. शटरखालून वाकून आत गेले तर बारकी पाक भरत होती. मोठ्या पातेल्यातून गाळून बाटल्यांत, आणि बाटली भरली की दुसऱ्या एका बाटलीतून माप भरून त्यात ओतायची, झाकण लावायची, उलटीसुलटी करायची. तिचे हात न बघता चालले होते.

‘‘ते काय घालतेस?’’ मी सहज विचारलं. खरंच सहज. मला वाटलं लिंबाचा अर्क.

‘‘व्होडका गं. टिकायला. या उकाड्यात नुसता पाक दोन दिवसांत आंबतो, वर बुरशी धरते. एवढी घातली की राहतो. सगळेच घालतात.’’

‘‘कुठल्या बाटलीत?’’

‘‘सगळ्याच. नेहमीचंच आहे ते, त्याला काय...’’

तिचा हात थांबला. मापातली व्होडका हलत होती. तिने मागच्या खोलीच्या उघड्या दारातून हिरव्या फितीच्या फळीकडे बघितलं. सगळं होतं तिथे, शेकर, माप, गाळणी, स्पंज. पाकाची बाटली तेवढी नव्हती. ती इथे होती, सगळ्या बाटल्यांच्या रांगेत, कारण बारकीच्या लेखी पाक म्हणजे पाक. तिच्या हिशेबात ती दारू नव्हतीच, पीठ मळताना घातलेलं चिमूटभर मीठ होतं.

‘‘वहिनी,’’ ती म्हणाली, ‘‘वहिनी, मी रोज त्याला...’’

‘‘जास्त पाक,’’ मी म्हटलं. ‘‘जास्त पाक मागायचा ना तो?’’

ती खाली बसली, तिथेच, बर्फाच्या पेटीवर. मला तिचा इतका राग आला की पातेलं उचलून भिंतीवर फेकावंसं वाटलं. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की या बाईने भावासाठी स्पंजसुद्धा वेगळा आणला होता. एवढुशीने काय होतंय, बाटलीत एक माप आणि ग्लासात त्यातलं जरासं, असंही मनात येऊन गेलं. मग पडदा आठवला.

शटर वाजलं आणि तो वाकून आत आला. हातात पिशवी, केसांवर काचेची बारीक पूड. मला बघून दचकला नाही. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली, आमची तोंडं बघितली, बाटल्यांची रांग बघितली, आणि कडेच्या स्टुलावर बसला.

‘‘कळलं वाटतं तुम्हाला,’’ तो म्हणाला.

‘‘तुला केव्हा कळलं?’’

‘‘पहिल्याच घोटाला.’’

‘‘दादा, माझ्या लक्षातच आलं नाही रे,’’ बारकी म्हणाली. ‘‘तुझी शप्पथ. मी मुद्दाम...’’

‘‘माहीत आहे मला. तू मुद्दाम केलं नाहीस. मी केलं.’’

‘‘मग त्या दिवशीच बोलला का नाहीस?’’ माझा आवाज चढला. ‘‘मी इथे होते. इथे, या इथे उभी होते!’’

त्याने काउंटरवरचं ओलं फडकं उचललं, घडी घातली, परत उलगडलं. ‘‘बोललो असतो तर बंद झालं असतं,’’ तो म्हणाला.

मी इतक्या वर्षांत त्याची खूप खोटी बोलणी ऐकली आहेत. मित्राचा वाढदिवस, खोकल्याचं औषध, शेवटचीच. ती सगळी मला पाठ आहेत, त्यांना काय उत्तर द्यायचं तेही पाठ आहे. हे खरं मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते.

‘‘अजून कुठे?’’ मी विचारलं. ‘‘इथे सोडून?’’

‘‘नाही. काल कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानासमोर उभा राहिलो होतो. आत नाही गेलो.’’ त्याने फडकं खाली ठेवलं. ‘‘आज गेलो असतो. तू बॅग भरणार असशील तर भर. मी अडवणार नाही.’’

बॅग माळ्यावर होती, पडद्याची दांडी लावताना शिडीवरून मला ती दिसली होती आणि मी नजर वळवली होती. आत्ता मला रडू येत होतं आणि ते मला त्याला दाखवायचं नव्हतं.

बारकी एकदम उठली. तिने रांगेतली पहिली बाटली घेतली, झाकण काढलं आणि भांडी घासायच्या मोरीत उपडी केली. मग दुसरी. दाट हिरवट पाक हळूहळू जाळीवर साचत होता, भोवऱ्याने खाली उतरत होता, आणि ती रडत, नाक पुसत पुढची बाटली उघडत होती. कुणी तिला थांबवलं नाही. थाइम, लिंबाची साल आणि पुदिना यांचा वास त्या बंद खोलीत भरून राहिला. अशा उन्हात कुणालाही हवासा वाटावा असा.

तो स्टुलावरून उठला. त्याने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

‘‘पाणी सोड,’’ तो मला म्हणाला.

मी नळ सोडला.

‘‘अजून सोड. पूर्ण सोड.’’

मी नळ होता तेवढा उघडला. पाणी मोरीबाहेर उडायला लागलं, माझी बाही भिजली. तो तोंड फिरवून शटरकडे वळला होता, पण गेला नव्हता, हाताच्या पंजाने नाक घट्ट दाबून उभा होता.

‘‘गेला का वास?’’ त्याने विचारलं.

मी मोरीवर वाकले आणि खोल श्वास घेतला. मला पहिल्यापासून नुसता पुदिन्याचाच वास येत होता.