नवसाबाईचा सिनेमा

नवसाबाईच्या वर्षश्राद्धाचं जेवण उरकलं. पंगतीतली माणसं पान खाऊन आपापल्या घरी गेली, मुलगा सोमनाथ दुसऱ्या पाळीला सातपूरच्या कारखान्यात निघून गेला आणि सून मनीषाने पिशवीतून सिनेमाची सीडी काढली. सासरे खंडेराव बाहेर निघाले होते, ते दारातच थांबले.

"नाना, बघा काय आणलंय," सून म्हणाली. "आत्याबाईंचा सिनेमा. नाव कोणाला माहीत होतं? पंचवटीतल्या सीडीवाल्याला म्हटलं, विधवा बाई आहे, शिवणकाम करते, अंगणात झोका आहे, पोरगी मोठी होऊन डॉक्टर होते. त्यानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि ही काढून दिली."

खंडेरावांनी कव्हर हातात घेतलं. निळ्या साडीतली नटी झोक्याची दोरी धरून उभी होती. तोच सिनेमा होता.

"मशीन बिघडलंय ना आपलं?" ते म्हणाले.

"काल तर तुम्ही भजनं लावली होती."

"मग आज बिघडलं असंल."

मनीषा हसली. "बायका थांबल्यात, नाना. आज आत्याबाईंच्या नावानं बघू म्हणाल्या."

नवसाबाईचा सिनेमा मखमलाबादच्या त्या आळीत सगळ्यांना पाठ होता. दुपारी ओसरीवर झेंडूच्या माळा ओवताना ती तो सांगायची, तोही एकदा-दोनदा नाही, बारा-तेरा वर्षं. आळीत नवी सून आली की तिला तो एकदा ऐकावाच लागे. शेजारची भागुबाई म्हणायची, "नवसाचा सिनेमा ऐकला नाय तोवर सून आळीची झाली नाय." प्रत्यक्ष बघितला मात्र कोणीच नव्हता. बघितला होता फक्त खंडेरावांनी. त्यात काय आहे ते त्यांनाच ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो या घरात लागू नये असं त्यांना वाटत होतं.

गोष्ट एक्क्याण्णवच्या दसऱ्याची. सोमनाथच्या पाठची त्यांची मुलगी झुंबर तेव्हा साडेतीन वर्षांची होती. दसऱ्याच्या पहाटे तिला ताप होता. नवसाबाई म्हणाली, मी राहते घरी. झेंडूच्या पाट्या टेम्पोत चढवल्या होत्या. खंडेराव म्हणाले, "दसरा वर्षातनं एकदा येतो. आई हाय घरात. तापच हाय, उतरंल." नवसाबाई टेम्पोत बसली. फुलं चांगली खपली. संध्याकाळी रिकाम्या पाट्या घेऊन दोघं परतली तेव्हा पोरीला झटके येत होते. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर नवसाबाई बोलायची थांबली. रडायचीही नाही. सांगितलेलं काम करायची, पुढे ठेवलेले दोन घास खायची. असे तीन महिने गेले. पौषात एकदा फुलबाजारातून निघताना खंडेरावांना भिंतीवर झोक्याचं पोस्टर दिसलं. झोका आहे, बाई हसतेय, म्हणजे घरगुती चित्र असेल, बरं वाटेल हिला, एवढाच विचार त्यांनी केला आणि बाराच्या खेळाची दोन तिकिटं काढली.

नवसाबाई हरसूलकडची. डोंगरातली. तिला हिंदी येत नव्हती. खंडेरावांची हिंदी म्हणजे बाजारातली, व्यापाऱ्याशी भाव करण्यापुरती. ते तिच्या कानाशी वाकून जमेल तसं सांगत होते. अर्धं समजून, अर्धं अंदाजाने. झोक्यावरच्या लहान पोरीला ताप भरला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. उठावं तर रांगेत मधोमध बसलेले. पडद्यावर डॉक्टर खोलीबाहेर आला, मान हलवली, काहीतरी बोलला आणि नटीने हंबरडा फोडला. नवसाबाईने खंडेरावांचं मनगट धरलं.

"काय म्हणला?"

खंडेराव तिच्या कानाशी वाकले. "म्हणला, आता धोका नाय. पहाटेपर्यंत ताप उतरंल."

"मग ती रडती का?"

"सुटली ना बिचारी काळजीतनं. म्हणून."

मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "ओ भाऊ, काय सांगताय बाईला?" खंडेरावांनी मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही.

एकदा खोटं सांगितल्यावर पुढे सांगत जावंच लागलं. नटी पोरीचे फ्रॉक ट्रंकेत ठेवते, तर पोरीला शिकायला मावशीकडे पाठवली. नटी नदीत दिवा सोडते, तर पोरीसाठी नवस बोलली. मध्यंतरानंतर गावात एक तरुण डॉक्टरीण येते. अनाथ असते. नटी तिला जीव लावते आणि शेवटी लेक म्हणून पोटाशी धरते. खंडेरावांनी सांगितलं, तीच पोरगी. मोठी होऊन आली.

परत येताना टेम्पोत नवसाबाई पुन्हा आपण होऊन बोलली. "कानातल्या बाळ्या तशाच ठेवल्या हो पोरीनं."

बाळ्यांचं खंडेराव काहीच बोलले नव्हते. त्यांनी नुसतं हूं केलं. त्या रात्री ती दीड भाकरी जेवली. चार दिवसांनी ओसरीवर सिनेमा सांगत होती.

आणि आता तो सिनेमा टीव्हीवर लागला होता. समोर सात-आठ बायका बसल्या होत्या. सगळ्यांची हिंदी रोजच्या मालिका बघून पक्की झालेली. खंडेराव दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

सुरुवातीला बायका खूश होत्या. "तो बघ झोका!" "शिवणयंत्र बघ, अगदी नवसाबाई सांगायची तसं!" कोणी डोळ्याला पदर लावला. मग पोरीला ताप भरला. डॉक्टर बाहेर आला.

"गेली की गं पोरगी," समोरच्या घरातली कलाबाई म्हणाली.

"छे, जगती ती," भागुबाई म्हणाली. "दम धर जरा."

नटीने हंबरडा फोडला. नदीकाठ आला, दिवा आला. पहिली सीडी संपली आणि पडदा निळा झाला.

"सीडीवाल्यानं गंडवलं," भागुबाई म्हणाली. "हा तो सिनेमाच नाय."

"झोका तर तोच आहे," मनीषा म्हणाली.

कलाबाईला हसू यायला लागलं. "सिनेमा तोच हो. नवसाबाईला हिंदी कुठं समजायची? डोंगरातली बाई. पोरगी मेली तरी हिला कळलं नाय! आन् आपण येड्यासारख्या तेरा वर्षं ऐकत बसलो."

दोघी-तिघी हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. जेवण झाल्यावर बायका हसतात तसंच ते होतं. पण खंडेरावांना ते सहन झालं नाही. गप्प राहिले असते तर त्यांचं काहीच बिघडणार नव्हतं. आळीने म्हटलं असतं, भोळी होती बिचारी, आणि तेच कायमचं राहिलं असतं.

"कले, थांब," ते म्हणाले. "ती येडी नव्हती. खोटं मी सांगितलं."

बायकांनी वळून पाहिलं. खंडेराव बायकांत कधी बोलत नसत.

"आमची झुंबर गेली होती त्या वर्षी. हिनं बोलणं टाकलं होतं. पोस्टर बघून घेऊन गेलो, मला काय माहीत आत काय हाय ते. पडद्यावर पोरगी मेली. तिनं विचारलं, काय म्हणला डॉक्टर. आता मी काय सांगू? दसऱ्याला ती घरीच राहते म्हणत होती. मीच बाजारात नेली. तेव्हा हसायचं तर मला हसा."

झुंबरचं नाव त्या घरात चौदा वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. मनीषाला तर अशी नणंद होती हेच माहीत नव्हतं. ती सासऱ्याकडे बघत राहिली. कलाबाईने मान खाली घातली.

"नाना, माझ्या तोंडाला काय हाड हाय का," ती म्हणाली. "माफ करा."

भागुबाई वयाने सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "मनीषा, दुसरी लाव. आवाज बंद कर. भाऊजी, इकडं या, बसा. तिला सांगितलं तसं सांगा."

"आता कुठं आठवतंय."

"आठवंल तेवढं."

ते बसले. टीव्हीवर माणसांची नुसती तोंडं हलत होती. खंडेराव अडखळत सांगू लागले. मावशीकडे शिकायला पाठवली. मग ही डॉक्टरीण आली. पुढे काय सांगितलं होतं ते त्यांना आठवेना. पण बायकांना आठवत होतं. "मग ती आईच्या हातचं पिठलं खाती," एकजण म्हणाली. "आन् चवीवरनं वळखती," दुसरी म्हणाली. पिठल्याचं खंडेरावांनी कधीच सांगितलं नव्हतं. ते ऐकत बसले. आता बायकाच सांगत होत्या.

पडद्यावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"मग पोरगी म्हणते, आई, मी आले," खंडेराव म्हणाले. "एवढं आठवतं मला. संपला."

"संपला कुठं?" कलाबाई म्हणाली. "ती म्हणती, आई, मला ताप होता आन् तू कामावर गेलीस, त्यात तुझी काय चूक नव्हती. आन् दादाची पण नव्हती."

"दादा कोण?"

"बाप. पोरीचा."

"अगं, बाई विधवा हाय सिनेमात. बाप कुठनं आला?"

"मी पण नवसाला तेच म्हणायचे," भागुबाई म्हणाली. "ती म्हणायची, असतो गं. मागं उभा असतो. त्याला पुढं यायचा धीर होत नाय."

खंडेरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. नंतर तसंच ते तोंडावर धरून ठेवलं. मनीषाने उठून टीव्ही बंद केला.

"मला कधी बोलली नाय ती," ते म्हणाले.

"तुम्हाला कशाला सांगंल?" कलाबाई हळूच म्हणाली. "तुम्ही बघितला होता ना सिनेमा."

चहाचं आधण ठेवायला मनीषा आत गेली. बायका उठायच्या बेतात होत्या. खंडेराव म्हणाले, "वहिनी, परत सांगता का?"

"शेवटचं?"

"नाय. पहिल्यापासनं. ती सांगायची तसा."

भागुबाईने भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले, आणि सांगायला सुरुवात केली.