सर्वांसाठी लागू करा

मी मेहकरच्या तहसीलजवळच्या टायपिंगच्या दुकानातला संगणक बोलतोय. पुन्हा कुणी माझी सेटिंग बदलायच्या आत बोलून घेतो.

मला अकोल्याहून आणलं, तेव्हा पुष्पाबाईंनी हळदकुंकू लावलं. दुकान त्यांचं. माझ्यापुढची खुर्ची मात्र दोघांची. सकाळी रंगराव, दुपारनंतर आलिमा. रंगरावांची बोटं जुन्या टाइपरायटरवर घडलेली; ते कागदाकडे बघतात, माझ्याकडे ढुंकूनही नाही. आलिमा इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवते. दोघांची टायपिंगची रीतच निराळी. म्हणून दुरुस्तीवाल्या ऋत्विकने माझ्यात दोघांची दोन खाती उघडून दिली. एका छपराखाली दोन चुली. आपापल्या नावाने आत या, हवं तसं मांडा.

पण ऐकेल तो माणूस कसला! सेटिंग बदलली की खाली मी एक चौकोन दाखवतो : ‘सर्वांसाठी लागू करा’. तिथे खूण करायची नसते, एवढंच. हात मात्र नेमका तिथेच जातो. रंगरावांनी खूण केली की आलिमाचं बिघडतं, तिने केली की रंगरावांचं. आणि शिव्या मला! ‘हे डबडंच भंगार हाय!’

मग एक दिवस पंजाबराव आले. शेजाऱ्याने त्यांच्या शेताची वाट अडवलेली, त्याच दिवशी सुनावणी, लेखी म्हणणं टाइप करायचं होतं. रंगरावांनी मान खाली घालून झरझर दोन पानं बडवली. आदल्या संध्याकाळी आलिमाने आपली टायपिंगची रीत लावून खूण केली होती, हे मी कसं सांगणार? त्यांनी मान वर केली, तर पडद्यावर एक शब्द धड नाही. धावपळ करून दुसरीकडून टाइप करून आणेस्तोवर तहसीलदार साहेब दौऱ्यावर निघून गेले.

“आता कापूस कोनत्या वाटेनं घरी आनू, रंगराव?” पंजाबराव ओरडले.

रंगराव आपल्या हातांकडे बघत राहिले. “बोटंच गेली वाट्टे माही,” म्हणाले आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

आलिमाला कळलं तशी तिने माझ्यासमोरूनच रंगरावांना स्पीकरवर फोन लावला.

“काका, बोटं नाही गेली तुमची. खूण म्या केली होती. मले वाटलं, चांगलं ते सगळ्यायलेच असावं.”

 पलीकडून रंगराव म्हणाले, “पोरी, मी बी तसंच समजून करत होतो.”

ते परत आले. आपापल्या खात्यात दोघं सुखात आहेत. पंजाबरावांना पुढची तारीख मिळालीय. तोवर त्यांची बैलगाडी लांबच्या धुऱ्यावरून, बांधाच्या कडेने फेरा घालते.

वाटलं, सुटलो. तर आज पुष्पाबाई खुर्चीत बसल्यात. “इतली बारीक अक्षरं कोनाले दिसतात वो?” अक्षरं मोठी केली, छान केलं. पण बोट त्या चौकोनाकडे निघालंय.

बाई, थांबा. खूण करायच्या आधी एकदा विचारा, या खुर्चीत आणखी कोण बसतं?