पुसलेली फुली

त्या दिवशीचं माझं ते तिसरं ऑपरेशन. पेशंट म्हणजे निवृत्त रंगारी. पोटातली मुख्य रक्तवाहिनी लिंबाहून मोठी फुगलेली. फुटली तर खेळ खलास. जांघेतून नळी सरकवून फुगवट्याला आतून अस्तर लावायचं होतं, पण वर जायची वाटच धड नाही. डाव्या पायाची वाहिनी पूर्ण बंद, तो पाय आडवाटेच्या रक्तावर कसाबसा तगलेला. उजवी अरुंद. दोन डॉक्टरांनी आधीच हात वर केले होते. मी उजवी वाहिनी फुग्याने रुंद केली, अस्तर बसवलं आणि बाहेर येऊन खुर्चीत अंग टाकलं.

थोड्या वेळाने सिस्टर आल्या. उजव्या पावलाची नाडी लागत नव्हती. ऑपरेशनआधी नाडी लागते तिथे आम्ही पेनाने फुली मारून ठेवतो, नंतर शोधाशोध नको म्हणून. ही फुली पेशंटच्या बायकोने सकाळी ओल्या फडक्याने घासून काढली होती. नवरा स्वच्छ दिसावा म्हणे.

"कळतं का काही तुम्हाला?" सिस्टरच्या मागोमाग आलेल्या तिच्यावर मी खेकसलो. मग सिस्टरना म्हटलं, "वाहिनी मुळातच अरुंद होती, नाडी बारीकच असणार. बघू नंतर." आणि चहा प्यायला गेलो. बिस्किटंसुद्धा खाल्ली.

अर्ध्या तासाने ती बाई दारात येऊन उभी राहिली.

"डॉक्टर, डावा पाय गारच असतो त्यांचा. उजवा कधीच नसतो. झोपताना मी माझे पाय त्यालाच लावते. आज तो डाव्याहून गार लागतोय."

मी कप टाकून धावलो. वाहिनीत गुठळी अडकली होती. ती काढून होईपर्यंत सिस्टर माझ्याशी कामापुरतंही धड बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. पाय वाचला. करंगळी मात्र काळीनिळी पडली होती. ती जाणार हे दिसत होतं.

बाई बाहेर भिंतीला टेकून उभी होती. मी तिला गुठळीचं आणि करंगळीचं सांगितलं.

"फुली मी पुसली, म्हणून झालं ना हे?"

हो म्हणणं फार सोपं होतं. मला तसा मोहही झाला.

"नाही. सिस्टरनी वेळेवर सांगितलं होतं. मी चहा पीत बसलो."

"मग माझ्यावर कशाला ओरडलात?"

"दमलो होतो."

"मीपण दमलेय," ती म्हणाली. "करंगळीचं त्यांना तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."